प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला. आणि सभागृहात तेवीस माणसं

समन्वयक_नाइलाजाने | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१४

मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी अर्थशास्त्र शिकवतो. चांदणी चौकाच्या पलीकडे, पिरंगुटच्या वाटेवर एक छोटं खाजगी विद्यापीठ आहे, तिथे. नाव सांगत नाही, नोकरी प्यारी आहे. विद्यार्थी बाराशेच्या आत. त्यातले ऐंशीएक कला विभागात: गायन, कथक, नाटक, चित्र आणि मुद्राचित्र (शाईचे ठसे घेऊन काढलेली चित्रं). दीड वर्षापूर्वी एका मीटिंगला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो, तोवर मी सांस्कृतिक समन्वयक झालो होतो.

गेल्या शनिवारी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं गाणं होतं. पोस्टर केलं, इन्स्टाग्रामवर टाकलं, चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरवलं. खाली ठळक अक्षरांत 'प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला'. सभागृह १४० खुर्च्यांचं. माणसं आली २३. मी मोजली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सहा तिच्या घरची, चार साथीदारांबरोबरची, चार आमच्या विभागातली. उरलेली नऊ पोरं मागच्या रांगेत, मध्यंतरात समोसे आहेत हे कळल्यामुळे आलेली.

मुलीने पूरिया धनाश्री घेतला. तासभर गायली. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण समोसे खाऊन झाल्यावरही ती नऊ पोरं उठली नाहीत, एवढं दिसलं.

पुण्यात लोक कार्यक्रमांना जातात हे मी डोळ्यांनी बघतो. सवाईला शाली पांघरून बसतात, एकांकिकांना रांगा लावतात. मग आमच्याकडे कुत्रं का फिरकत नाही? डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सत्राचा शेवटचा कार्यक्रम आहे: मुलांनीच लिहिलेली एकांकिका, कथक, आणि मुद्राचित्रांचं प्रदर्शन. काय करू?

पौडरोडवाला | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३१

रुमाल टाकून ठेवतोय. उत्तर सोपं आहे: भूगाव. शनिवारी संध्याकाळी भूगावातून गाडी काढणं हीच एक प्रयोगजीवी कला आहे. २०२३ मध्ये चांदणी चौकाचा नवा पूल झाला, त्याने फक्त एवढंच झालं की आम्ही भूगावच्या कोंडीत लवकर पोचतो.

सा_रे_गप्प | १२ नोव्हेंबर, रात्री ११:०५

पूरिया धनाश्री तासभर, आणि तेही तिसऱ्या वर्षाला? ऐकायला आवडलं असतं. पण पोस्टरवर राग, साथीला कोण, गुरू कोण, किती वेळ, यातलं काही होतं का? रसिक तेच बघून ठरवतो.

दुसरं, डिसेंबर. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून आहे. २०१८ मध्ये रमणबागेतून मुकुंदनगरला गेला तरी लोकांच्या मनातलं डिसेंबरचं कॅलेंडर त्याच्याभोवतीच फिरतं. गाणं ऐकणारा माणूस डिसेंबरचा पहिला आठवडा झोप साठवायला वापरतो. (हलकं घ्या.)

अवांतर: सभागृहात एसी आहे ना? मग तंबोरे निदान तासभर आधी आत आणून ठेवत जा. बाहेर लावून आत आणले की एसी सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत उतरतात आणि कलाकार अर्धा कार्यक्रम खुंट्या पिळत बसते. तबल्याचंही तेच. हातोडीचा आवाज हा कार्यक्रमाचा भाग नाही.

समन्वयक_नाइलाजाने | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२०

नेमकं हेच झालं. मला वाटलं होतं, ती पद्धतच असते.

पोस्टरवर राग नव्हता. माननीय कुलगुरू, माननीय प्र-कुलगुरू, माननीय अधिष्ठाता होते. गाणारीचं नाव त्यांच्या खाली.

सा_रे_गप्प | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२२

मग कुलगुरूंचे चाहते यायला हवे होते.

तिसरी घंटा | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:४८

मी पस्तीस वर्षं पडद्यामागे काढली. लाइट, नेपथ्य, शेवटी शेवटी नुसतंच ओरडणं. थोडं लांबट लिहितो.

विद्यार्थ्यांच्या नाटकाला माणसं येत नाहीत हे पुण्यात कुणी म्हणू नये. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरीला जाऊन बघा. 'अरे आव्वाज कुणाचा' सुरू झालं की छताचे पंखे हलतात. तिकीट काढून येतात, पायऱ्यांवर बसतात. पण ते येतात कोण? दुसऱ्या कॉलेजची पोरं. आपल्याविरुद्ध काय आणलंय बघायला. मागच्या पाच-दहा वर्षांतली माजी पोरं, 'आमच्या वेळी' म्हणायला. आणि काही पेठेतली म्हातारी मंडळी, ज्यांनी पन्नास वर्षांत एक वर्ष चुकवलेलं नाही. २०२२ मध्ये अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा सगळं गाव भांडलं. पोरांवर अन्याय झाला म्हणणारे निम्मे, बरोबर केलं म्हणणारे निम्मे. ज्यांनी एकही एकांकिका पाहिली नव्हती तेही हिरिरीने भांडत होते. ह्याला प्रेक्षक म्हणतात. तो पोस्टरने येत नाही, त्याचं काहीतरी अडकलेलं असावं लागतं.

तुमच्या गाण्यात कुणाचं काय अडकलं होतं? घरच्यांचं. ते आले.

आणि एक. सभागृह म्हणजे काय आहे तुमच्याकडे? मी अशा चार-पाच संस्थांत लाइट लावलेत. प्लेसमेंटच्या भाषणांसाठी बांधलेला हॉल असतो. विंगा नाहीत, मागून एंट्री नाही, उजेड म्हणजे सगळे दिवे चालू किंवा सगळे बंद. मधोमध पोडियम, त्यावर संस्थेचा लोगो, आणि ते हलवायला लेखी अर्ज. असंच आहे ना?

समन्वयक_नाइलाजाने | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

पोडियमचा अर्ज 'इस्टेट विभागाकडे, तीन कार्यालयीन दिवस आधी'. तुम्ही आमच्याकडे येऊन गेलायत का?

निळी शाई | १३ नोव्हेंबर, दुपारी १:३७

सगळे गाण्यानाटकाबद्दलच बोलताय म्हणून लिहिते. मी चित्रकला शिकवते, तुमच्याकडे नाही पण अशाच एका ठिकाणी.

गेल्या वर्षी आमच्या मुलांचं प्रदर्शन कुठे लावलं माहितीये? लेखा विभागाबाहेरच्या पॅसेजमध्ये. फीच्या रांगेतली माणसं चित्रांना पाठ टेकून उभी. एका मुलाने कोळशात केलेल्या मोठ्या ड्रॉइंगवर खांद्याची रेघ उमटली. काच लावायला पैसे नव्हते. पाच दिवसांचं प्रदर्शन होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर भिंती रिकाम्या. एका कंपनीचे लोक मुलाखतींना यायचे होते म्हणून सफाईवाल्यांनी सगळं उतरवून जिन्याखाली उभं करून ठेवलं होतं. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. ते बिचारे सांगितलेलं काम करत होते.

नाटकाच्या मध्येच पडदा पाडून 'हॉल हवाय' असं कुणी म्हणेल का? चित्र मुकाट्याने भिंतीवर असतं, म्हणून त्याला कार्यक्रम समजत नाहीत.

आणि समन्वयक, तुम्ही 'एकांकिका, कथक, आणि प्रदर्शन' लिहिलंत. ते 'आणि' फार ओळखीचं आहे.

तिसरी घंटा | १३ नोव्हेंबर, दुपारी २:१५

शाईताई, मग फिरोदिया करंडकासारखं करा की. त्यात एकाच प्रयोगात नाटक, गाणं, नाच, चित्र, शिल्प, जादू सगळं गुंफायचं असतं. मी पाहिलंय, प्रसंग चालू असताना पोरगा मागे मोठा कॅनव्हास रंगवतोय, आणि शेवटच्या ओळीला तो उलटा केला की चेहरा दिसतो. टाळ्या थांबत नाहीत.

निळी शाई | १३ नोव्हेंबर, दुपारी २:४९

तो उलटा केल्यावर दिसणारा चेहरा मीही पाहिलाय. सात वेळा. स्पर्धेत ठीक आहे, फिरोदियाची मजाच ती. पण दगड, लाकूड, लिनो ह्यात चार महिने घालवणाऱ्या मुलीला 'नाटकाच्या मागे पंधरा मिनिटांत काहीतरी काढ' म्हणू नका. चित्र म्हणजे नेपथ्य नव्हे.

तिसरी घंटा | १३ नोव्हेंबर, दुपारी २:५३

नेपथ्य म्हणजे कमी, असं?

निळी शाई | १३ नोव्हेंबर, दुपारी २:५५

असं म्हटलेलं नाही. म्हणजे, थोडं म्हटलं. मागे घेते.

पौडरोडवाला | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:०२

पॉपकॉर्न.

पुढची तारीख | १३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मी वकील आहे, पण हा सल्ला नाही, गप्पा आहेत.

'सर्वांसाठी खुला' लिहिण्याआधी एक बघा. एकांकिका मुलांनीच लिहिली आहे म्हणता, मग सुटलात. पण दुसऱ्याचं नाटक करणार असाल तर कॉपीराइट कायद्यात (१९५७ चा, कलम ५२) शिक्षणसंस्थेला सूट आहे, ती प्रेक्षक कोण ह्यावर. संस्थेतले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं, एवढेच असतील तर परवानगी नको. बाहेरच्यांना बोलावलंत की ही सूट हातची जाते. हौशी मंडळाने बिनतिकीट प्रयोग केला तर वेगळी सूट आहे, पण विद्यापीठाचा विभाग 'हौशी मंडळ' ठरतो का ह्यावर वाद घालत बसण्यापेक्षा लेखकाला किंवा वारसांना एक पत्र लिहिणं स्वस्त पडतं.

हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. गडकरी १९१९ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. ही मंडळी मोकळी आहेत. तेंडुलकर २००८ मध्ये गेले, म्हणजे २०६८ संपेपर्यंत विचारूनच.

आणि उघड्यावर करणार असाल तर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. २००० सालच्या नियमांत वर्षातून मोजके दिवस बारापर्यंत सवलत आहे, पण ती शासन ठरवतं, सांस्कृतिक समन्वयक नाही. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, तेही विसरू नका.

समन्वयक_नाइलाजाने | १३ नोव्हेंबर, रात्री ९:५८

मागच्या सत्रात मुलांनी तेंडुलकर केला होता. पोस्टरवर 'सर्वांसाठी खुला' होतं. बाहेरचं कुणी आलं नाही.

पुढची तारीख | १३ नोव्हेंबर, रात्री १०:००

म्हणजे रिकाम्या खुर्च्यांनी वाचवलं तुम्हाला.

भाजणी | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:२६

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. पण हा धागा वाचून काल रात्रभर चुळबुळ झाली.

समन्वयक, त्या शनिवारी मी आले होते. मला वाटतं तुमचंच विद्यापीठ. मैत्रिणीच्या नातीने ग्रुपवर पोस्टर टाकलं होतं, गाणं, विनामूल्य. मी एकोणसत्तर वर्षांची, मैत्रीण बहात्तर. वनाझपर्यंत मेट्रोने आलो, मजेत. तिथून रिक्षावाल्याने चारशे सांगितले, तीनशेवर आणला. पावणेसहाला तुमच्या गेटवर.

गेटवरच्या मुलाने विचारलं, कुणाला भेटायचंय? म्हटलं, कुणाला नाही, गाणं ऐकायचंय. तो म्हणाला, कोणाचं नाव सांगा, ॲपवर त्यांनी मंजूर केलं की सोडतो. पोस्टर दाखवलं. म्हणाला, हे मला आलेलं नाही. मुलगा उर्मट नव्हता हो, खुर्चीही दिली बसायला. पण पोस्टरवर एकही फोन नंबर नव्हता, आणि कुलगुरूंची नावं होती. बहात्तर वर्षांच्या बाईने कुलगुरूंना फोन करावा का?

वीस मिनिटं बसलो. लांबून तंबोऱ्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं, की आमचा भास, कोण जाणे. मग त्याच मुलाने रिक्षा मिळवून दिली आणि आम्ही परत आलो. येताना मिसळ खाल्ली.

तुम्ही तेवीस मोजलेत. दोन गेटवर होत्या.

सा_रे_गप्प | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

काकू, मोदक घ्या. धागा इथेच संपला खरं तर.

हॉस्टेल_दोन | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:१८

मी त्याच (बहुतेक) विद्यापीठात आहे, समोसेवाल्या नऊ जणांपैकी एक. सर, तुम्ही कोण ते ओळखलं, पण बोलणार नाही.

आमच्या मित्रांनाही असंच परत पाठवतात. फर्ग्युसनचे दोन मित्र मागच्या नाटकाला आलेले, त्यांच्यासाठी मी तीन वेळा ॲपवर मंजुरी दिली, तिन्ही वेळा 'होस्ट विद्यार्थी असल्याने अमान्य'. ते गेटबाहेर वडापाव खाऊन गेले. आम्ही आता कुणाला बोलवतच नाही. बोलावलं आणि त्याला परत पाठवलं की मैत्रीत लाज वाटते.

मुलीचा बाबा | १४ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

थोडं कटू लिहितो. माझी मुलगी अशाच एका परिसरात हॉस्टेलला आहे. संध्याकाळी 'गाणं ऐकायचंय' म्हणून कुणीही आत यावं हे मला मान्य नाही. दोन आजींचं ठीक आहे, पण गेटवरचा माणूस आजी आणि इतर असा भेद करू लागला तर उद्या त्याचीच नोकरी जाईल. ॲप आहे ते बरंच आहे.

भाजणी | १४ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

बाबा, तुमचं खरं आहे. मग 'सर्वांसाठी खुला' लिहू नका. 'ओळखीच्यांसाठी' लिहा, आम्ही वाईट वाटून घेणार नाही. घरी आम्हीसुद्धा अनोळखी माणसाला आत घेत नाही, पण मग दाराबाहेर 'या बसा'ची पाटीही लावत नाही.

तिसरी घंटा | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१२

पाटी लावली असती तर ती पुणेरी झाली असती.

असो. कामाचं बोलू. ललित कला केंद्र पुणे विद्यापीठातच आहे, १९८७ पासून. केवढा परिसर, किती गेटं. तरी अंगणमंचावरच्या मुलांच्या प्रयोगांना बाहेरची माणसं जातात, मीही जातो. लोकांना वाट माहीत झाली आहे, आत कुणी हटकत नाही. अशी वाट पडायला वर्षं जातात, समन्वयक, एका पोस्टरने नाही.

पौडरोडवाला | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

एवढी यातायात करण्यापेक्षा कार्यक्रमच शहरात घ्या ना. बालगंधर्व, टिळक स्मारक, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण. माणूस चालत येईल.

तिसरी घंटा | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३४

बालगंधर्वला? शुभारंभ २६ जून १९६८ चा, त्या स्टेजवर पाय ठेवताना भल्याभल्यांचे गुडघे लटपटतात. आणि पन्नास माणसं तिथे बसवलीत तर स्टेजवरून फक्त खुर्च्यांच्या पाठी दिसतात. तेवीस माणसं १४० मध्ये बरी.

शहरातच यायचं तर सुदर्शन रंगमंच किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृह अशा छोट्या जागा बघा. सुदर्शनला प्रेक्षक नटाच्या अंगावर बसलेला असतो, तिथे खोटं चालत नाही, पोरं लवकर शिकतात. पण भाडं, टेम्पो, सेटची ने-आण, पोरांची जेवणं हे सगळं धरा. आणि मुख्य म्हणजे, तुमच्याच परिसरातले बाराशे कुठे आहेत? बाराशेतले नऊ समोशाला आले. आधी ते का येत नाहीत ते शोधा.

हॉस्टेल_दोन | १४ नोव्हेंबर, रात्री ८:२०

सोपं आहे. शनिवारी संध्याकाळी गावातली मुलं घरी असतात आणि हॉस्टेलवाली गावात. कार्यक्रम गुरुवारी ठेवा. आणि हजेरी घेऊ नका. मागच्या वर्षी कथकला हजेरी सक्तीची होती, दोनशे जण आले आणि सगळे मोबाइलवर. नाचणाऱ्या ताया रडल्या आत जाऊन.

तत्कार | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४५

त्या रडणाऱ्यांतली मी नाही, पण कळतं.

कथकचा विषय निघालाच आहे तर: फरशीवर नाचवू नका. सिमेंटवर बसवलेल्या टाइल्सवर अर्धा तास पाय मारले की धक्का थेट गुडघ्यात आणि कमरेत जातो. लाकडी फ्लोअर नसेल तर जुनी जाड सतरंजी, त्यावर १९ मिलिमीटरचे प्लायचे पत्रे, जोडांवर टेप. त्याने आवाजही गोल येतो. आणि घुंगरांसाठी पायाजवळ एक माइक द्या, नाहीतर तबला सगळं खाऊन टाकतो. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली तेव्हापासून ह्या गावाला पदन्यास ऐकायची सवय आहे, नुसता बघायची नाही.

समन्वयक_नाइलाजाने | २५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. इतके दिवस गप्प होतो कारण अर्ज लिहीत होतो.

भाजणी काकू, तुमची पोस्ट छापून मी कुलसचिवांच्या टेबलावर ठेवली (नावगाव तसंही नव्हतंच). त्यांनी वाचली. 'मिसळ कुठे खाल्ली?' एवढंच विचारलं. मग सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलावलं. ठरलं ते असं: कार्यक्रमाच्या दिवशी ॲप नाही, गेटवर वही. नाव, फोन, येण्याचं कारण. ओळखपत्र दाखवायचं. गेटपासून सभागृहापर्यंत मुलंच घेऊन जाणार, हॉस्टेलकडचा रस्ता दोरी लावून बंद. मुलीचा बाबा, हे तुमच्यासाठी.

विद्यापीठाची बस संध्याकाळी ५ ला वनाझ मेट्रो स्टेशनखालून निघेल, कार्यक्रम संपल्यावर परत सोडेल. वार मात्र शनिवारच, कारण गुरुवारी हॉल कुठल्याशा वेबिनारला दिला आहे. पोस्टर नवीन: वर मुलांची नावं, खाली माझा फोन नंबर. कुलगुरूंचं नाव नाही. ह्यासाठी मला दोन मीटिंगा लागल्या आणि शेवटी ते स्वतःच म्हणाले, काढा हो.

निळी शाई, तुमच्यामुळे पॅसेज नाकारला. प्रदर्शन सभागृहाच्या व्हरांड्यात, दहा दिवस. पण उजेड आणि उंची कशी धरू?

निळी शाई | २५ नोव्हेंबर, रात्री १०:०२

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर. सगळ्या चित्रांचा मध्य एका रेषेत, वरची कड नव्हे. नावाची चिठ्ठी उजवीकडे खाली, अक्षर मोठं, कारण येणारे साठीच्या पुढचे आहेत. आणि 'कृपया स्पर्श करू नये' एकदाच लावा, प्रत्येक चित्राखाली नको.

एक सुचवू? लिनोचा ठसा काढायला प्रेसच हवा असं नाही. ब्लॉकला रोलरने शाई लावायची, कागद ठेवायचा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने गोल गोल घासायचं. दारात टेबल टाका. येणारा प्रत्येकजण स्वतःच छोटा ठसा काढेल, तेच त्याचं तिकीट. मुद्राचित्र म्हणजे काय हे दोन मिनिटांत हाताला कळतं. चमचे मेसमधून आणा, परत देऊ नका.

तिसरी घंटा | २५ नोव्हेंबर, रात्री १०:२०

हे झकास. मी शनिवारी दुपारी येतो. चार पार लाइट आणि एक डिमर आहे माझ्याकडे पडून. पोडियम हलवून ठेवा.

समन्वयक_नाइलाजाने | ८ डिसेंबर, सकाळी १०:३०

झाला.

एकूण ९६. बाहेरचे ४१, वहीवरून मोजले. वहीत 'येण्याचे कारण' ह्या रकान्यात पहिल्याने 'नाटक' लिहिलं आणि खाली एकोणचाळीस वेळा फक्त दोन टिंबं. एकाने मात्र 'मुलगी आत नाचते आहे' लिहिलंय.

चुकलं तेही सांगतो. बस भूगावात पंचवीस मिनिटं अडकली (पौडरोडवाला, बोलू नका), त्यामुळे नाटक उशिरा सुरू झालं. पायाजवळचा माइक पहिली दहा मिनिटं घूं घूं करत होता. ऐनवेळी एक विश्वस्त आले आणि बावीस मिनिटं बोलले. शाईचे हात घेऊन माणसं आत बसली, तीन खुर्च्यांच्या पाठींवर निळे पंजे उमटले आहेत. इस्टेट विभागाचं पत्र आलं आहे.

सा_रे_गप्प | ८ डिसेंबर, सकाळी ११:११

आलो होतो. कथक चांगलं. तीनतालात बरीच तयारी दिसली, लेहऱ्याची हार्मोनियम दोनदा घसरली पण मुलीने सम सोडली नाही. ते पूरिया धनाश्रीवालं पोर पुन्हा कधी गाणार ते सांगा, मला तेच ऐकायचंय.

भाजणी | ८ डिसेंबर, दुपारी १२:४०

एकांकिकेचा शेवट मला कळला नाही. मैत्रिणीलाही नाही. बसमध्ये त्यावर वनाझपर्यंत वाद झाला, एक काका म्हणाले तो मुलगा मुळात नव्हताच, आईच्या मनात होता. मला नाही पटत. मग त्याच्या चपला कुणी नेल्या?

लाइट फार सुरेख होते. ठसा फ्रिजवर लावलाय.

हॉस्टेल_दोन | ८ डिसेंबर, दुपारी १:०५

काकू, चपला मीच नेल्या. चुकून. मी बॅकस्टेजला होतो, ब्लॅकआउटमध्ये वाटलं की त्या आमच्या कुणाच्या आहेत. त्या स्टेजवरच राहायच्या होत्या. दिग्दर्शक अजून बोलत नाही माझ्याशी.

तिसरी घंटा | ८ डिसेंबर, दुपारी १:०९

राहू दे. पुढच्या प्रयोगालाही ने.

समन्वयक_नाइलाजाने | ८ डिसेंबर, रात्री ८:५०

सभागृहात राहिलेल्या वस्तू: एक तपकिरी कानटोपी, चष्म्याची रिकामी डबी, आणि स्टीलचा डबा. डब्यात चकल्या होत्या, त्या रंगपटात संपल्या. झाकणावर नाव कोरलेलं आहे, इथे लिहीत नाही. ज्यांचा आहे त्यांनी मला फोन करावा, नंबर पोस्टरवर आहे.

भाजणी | ८ डिसेंबर, रात्री ९:१४

माझाच. पुढच्या वेळी आले की नेईन, त्यासाठी रिक्षा नको.

हॉस्टेल_दोन | ८ डिसेंबर, रात्री ९:३०

काकू, डबा घासून ठेवलाय. आई म्हणाली रिकामा परत देऊ नको. मेसमध्ये फक्त साखर मिळाली, ती घातली आहे.